पोरगा साइटवर रुजू होतो तेव्हा

तुमचा मुलगा मालवणच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेतो नि घाटावर कुठल्याशा कालव्याच्या कामावर रुजू होतो. चार दिवसांत निरोप येतो, "मन लागत नाही." लगेच परत बोलावू नका.

१८८४ साली विशीतले विश्वेश्वरय्या पुण्यात शिकून मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. लवकरच त्यांना धुळ्याकडे धाडले. दातर्तीजवळ पांझरेच्या प्रवाहाखालून पाण्याचा नळ न्यायचा होता. पाऊस लागला, पुराची वाळू कामात भरू लागली. पावसाळा सरेपर्यंत थांबावे, असे त्यांनी वरिष्ठांना लिहिले. उलट नाराजी पदरी पडली. नवख्या माणसाला ते केवढे लागले असेल! पण त्यांनी त्याच पावसात काम पुरे केले.

मुलाला सांगा, अडचण दिसली की वरिष्ठांना लेखी कळव. आणि मुकादमाला विचारायला लाजू नकोस. पदविका नसली तरी वीस पावसाळे त्याने त्याच मातीत काढलेले असतात.

पहिला पगार कधीकधी उशिरा होतो, तेव्हा खाणावळीपुरते पैसे गाठीला द्या. सोबत कुळथाचे पीठ नि आमसुले बांधा. आपल्या माणसाला पुरापेक्षा बिनमाशाचे जेवण जड जाते!