दुकानाच्या फोनची बॅटरी जास्त कशी टिकवायची? (दिवसभरही आणि वर्षानुवर्षेही)



आपण दुकानातल्या फ्रीजची सर्व्हिसिंग करतो, वजनकाटा तपासून घेतो, गाडीचं ऑइल बदलतो. पण ज्या मशीनवर ऑर्डर येते, पैसे येतात, स्टेटस टाकला जातो आणि उधारीची वही ठेवली जाते, त्या फोनकडे मात्र तो बंद पडल्यावरच बघतो. संध्याकाळी सात वाजता पाईपलाईन रोडला गर्दी असते, गिऱ्हाईक समोर उभं असतं, फोन ४ टक्क्यांवर असतो आणि समोरचा म्हणतो, "दादा, पैसे पाठवलेत, हा बघा स्क्रीनशॉट." खरे की खोटे, तपासणार कसे?

म्हणून आजचा विषय बॅटरी. व्हिडिओत सेटिंग्ज दाखवल्यात, इथे त्यामागचं कारण आणि हिशोब समजून घेऊ.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

"बॅटरी टिकत नाही" म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो.

१. आजचं चार्जिंग रात्रीपर्यंत पुरत नाही. हा वापराचा प्रश्न.
२. बॅटरीच म्हातारी झाली, तिच्यात पूर्वीएवढं मावत नाही. हा घसाऱ्याचा प्रश्न.

पहिल्याचा उपाय सेटिंगमध्ये आहे, दुसऱ्याचा सवयीत.

विजेचा खर्च किती? मोजून बघा

५००० एमएएचची बॅटरी पूर्ण भरायला साधारण १९ वॅट-अवर लागतात. चार्जरमध्ये वाया जाणारं धरलं तर २५ धरा. म्हणजे एका युनिटमध्ये फोन जवळपास ४० वेळा भरतो. युनिटला १० रुपये धरले तरी एका चार्जिंगला २५ पैसे. रोज एकदा भरला तर वर्षाचे शंभर रुपयेसुद्धा होत नाहीत.

म्हणजे वीज वाचवायची नाहीये. वाचवायची आहे ती बॅटरी, आणि त्याहून महत्त्वाचा म्हणजे धंद्याचा वेळ.

बॅटरी म्हातारी का होते?

आपल्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनी कंपनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. चार्ज करताना लिथियमचे कण एका बाजूकडून दुसरीकडे जातात, वापरताना परत येतात. प्रत्येक फेरीत थोडे कण कायमचे अडकतात. तोच बॅटरीचा घसारा.

ह्या फेरीला सायकल म्हणतात. एकूण १०० टक्के वापर झाला की एक सायकल. आज ५० आणि उद्या ५० वापरले तर दोन दिवसांत एक. ॲपलचं उदाहरण घ्या. आयफोन १४ आणि आधीच्या मॉडेलची बॅटरी ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली आहे. आयफोन १५ पासून हा आकडा १००० आहे. युरोपने तर २० जून २०२५ पासून नियमच केलाय की ८०० सायकलनंतर किमान ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे.

आता धंदेवाल्याचा हिशोब. घरगुती वापरात दिवसाला एक सायकल झाली तर ५०० सायकल दीड वर्षाच्या आत संपतात. दुकानात दिवसाला दीड होत असेल तर अकरा महिन्यांतच. म्हणून शेजाऱ्याचा तोच फोन चांगला चालतो आणि आपला लवकर थकतो.

खरा शत्रू: आपल्याकडचा उन्हाळा

सायकल तर होणारच. पण घसारा वेगात वाढवतात दोन गोष्टी: उष्णता आणि टोकाचं चार्जिंग.

ॲपलच्या सूचनेप्रमाणे ३५ अंशांच्या वरच्या तापमानात बॅटरीची क्षमता कायमची कमी होऊ शकते. एप्रिल-मेमध्ये नगरचा पारा ४० च्या आसपास असतो. त्यात डिलिव्हरीवाला दादा हँडलच्या होल्डरला फोन लावून, मॅप चालू ठेवून भिस्तबागपासून एमआयडीसीपर्यंत भर उन्हात जातो. चहावाल्याचा फोन गॅसच्या शेजारी. कुणाचा गाडीच्या डॅशबोर्डवर.

पूर्ण भरलेली बॅटरी आधीच ताणाखाली असते. १०० टक्के चार्ज आणि वर ऊन, म्हणजे गळ्यापर्यंत जेवून उन्हात बसल्यासारखं. तसंच रोज शून्यापर्यंत नेऊन फोन बंद पाडणंही वाईट.

काय करायचं?

- फोन सावलीत ठेवा. होल्डरला लावायचाच असेल तर रस्ता माहीत असताना स्क्रीन बंद करा.
- चार्जिंगला लावून हॉटस्पॉट, लाइव्ह व्हिडिओ किंवा गेम एकाच वेळी नको. फोन तापला तर जाड कव्हर काढा.
- तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं. पंख्याखाली ठेवा, पुरे.
- शक्यतो २० ते ८० टक्क्यांत खेळवा. बऱ्याच नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांना थांबण्याची सेटिंग असते, ती चालू करा. लग्नाची ऑर्डर किंवा प्रदर्शनाचा स्टॉल असेल त्या दिवशी खुशाल १०० करा.
- जादा फोन कपाटात ठेवायचा असेल तर अर्धा चार्ज करून, बंद करून ठेवा.

आजचा दिवस पुरवायचा कसा?

सगळ्यात जास्त खातो तो स्क्रीन. ब्राइटनेस ऑटोवर ठेवा आणि स्क्रीन ३० सेकंदांत बंद होऊ द्या. डार्क मोडबद्दल खूप ऐकलं असेल. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये तपासलं: ओलेड स्क्रीनवर पूर्ण ब्राइटनेसला सरासरी ३९ ते ४७ टक्के बचत, पण ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला फक्त ३ ते ९ टक्के. म्हणजे उन्हात उभं राहणाऱ्या हातगाडीवाल्याला फायदा मोठा, दुकानाच्या आत बसणाऱ्याला थोडा. साध्या एलसीडी स्क्रीनला जवळपास काहीच नाही.

दुसरा खाणारा म्हणजे कमजोर नेटवर्क. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बेसमेंटच्या गाळ्यात फोन टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी ओढतो. तिथे वाय-फाय वापरा. फाइव्ह-जी येत-जात असेल तर फोन फोर-जीवर ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे बॅटरी वाचते आणि धंदा जातो. बरेच जण बॅटरी सेव्हर सकाळपासून लावून ठेवतात. सेव्हर मागे चालणारी ॲप्स थांबवतो, आणि व्हॉट्सॲप बिझनेसचा मेसेज उशिरा दिसतो. घरून केक किंवा डबे करणाऱ्या ताईला "आज संध्याकाळी मिळेल का?" हा मेसेज दोन तासांनी दिसला तर ती ऑर्डर दुसरीकडे गेलेली असते.

म्हणून सरसकट बचत नको, निवडून करा. सेटिंग्ज, ॲप्स, व्हॉट्सॲप बिझनेस, बॅटरी असं जा आणि "अनरिस्ट्रिक्टेड" करा. तसंच पेमेंट ॲपला करा. शॉपिंग, गेम, रील्सची ॲप्स "रिस्ट्रिक्टेड" करा. नावं थोडी वेगळी असतील, पण बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय आहे.

फोन बंद पडला तरी गल्ला चालू राहिला पाहिजे

दुकानात चिकटवलेला क्यूआर कोड तुमच्या फोनवर अवलंबून नसतो. फोन बंद असला तरी पैसे खात्यात येतात. अडचण खात्री करण्याची असते. साउंडबॉक्सला स्वतःचं सिम आणि बॅटरी असते, तो फोनशिवाय बोलतो. त्यामुळे रात्री दुकान बंद करताना साउंडबॉक्सही चार्जिंगला लावा. आणि स्क्रीनशॉट हा पैसे आल्याचा पुरावा नाही, हे कामाच्या पोरालाही सांगून ठेवा.

पॉवर बँक घेताना लक्षात ठेवा: १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी फोनला प्रत्यक्षात ६,००० ते ६,५०० च्या आसपास मिळतं. म्हणजे ५००० च्या फोनला एक पूर्ण चार्ज आणि थोडं वर. बीआयएसचा शिक्का बघूनच घ्या.

जुने समज सोडा

- "नवा फोन आधी आठ तास चार्ज करायचा." गरज नाही.
- "पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये." हा जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा नियम. आता थोडं थोडं भरणंच चांगलं.
- "ॲप्स सारखी स्वाइप करून बंद करायची." रोज वापरायचं ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला उलट जास्त खर्च होतो.

नवा फोन की नवी बॅटरी?

फोन दुपारपर्यंतच टिकतो, म्हणून लगेच हप्त्यावर नवा घेऊ नका. फोन हळू नसेल, कंपनीचे अपडेट येत असतील, तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला बॅटरीचा दर विचारा. तो आकडा आणि नव्या फोनची किंमत शेजारी शेजारी लिहा. उरलेला पैसा मालात घातला तर तो फिरतो, फोनमध्ये घातला तर त्याची किंमत रोज उतरते. बिल मात्र पक्कं घ्या, तो धंद्याचा खर्च आहे.

अपवाद एकच. बॅटरी फुगली, मागचं कव्हर उचललं गेलं, तर हिशोब करत बसू नका. चार्जिंग ताबडतोब थांबवा, दाबू नका, टोचू नका, सर्व्हिस सेंटरला न्या. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, दाबली गेली तर पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे सर्व्हिस सेंटरलाच द्या.

आजचं काम

१. सेटिंग्जमध्ये बॅटरी उघडा, सर्वात जास्त खाणारी तीन ॲप्स वहीत लिहा.
२. धंद्याची ॲप्स मोकळी सोडा, बाकीची आवळा.
३. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा अर्धा तास चार्जिंगची वेळ ठरवा, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीला फोन तयार.
४. फोन ठेवायची एक सावलीची जागा ठरवा.

आठ दिवस करून बघा. दुकान बंद करताना किती टक्के उरले, ते पहिल्या आणि आठव्या दिवशी लिहून ठेवा आणि कमेंटमध्ये दोन्ही आकडे टाका. धंदा कोणता तेही लिहा, म्हणजे त्याप्रमाणे पुढचा व्हिडिओ करू.

भेटू पुढच्या भागात. धंदा करा, हिशोबाने करा!