खासगी जमिनीतील युद्धावशेष: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात झालेले यादवी युद्ध केवळ नामांकित रणमैदानांवर लढले गेले नाही. सैन्याचे तळ, कूच करण्याचे रस्ते, नद्यांचे उतार आणि तात्पुरती इस्पितळे व्हर्जिनिया, टेनेसी, जॉर्जिया अशा राज्यांतील शेतजमिनींवर दूरवर पसरलेली होती. त्यामुळे शिशाच्या गोळ्या, गणवेशाची पितळी बटणे, पट्ट्यांची बक्कले आणि तोफगोळ्यांचे तुकडे आजही तेथील शेतकऱ्यांच्या व घरमालकांच्या खासगी जमिनीत सापडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने मोडीत काढलेली सुरुंगशोधक यंत्रे बाजारात आली आणि या वस्तू शोधण्याचा छंद तेथे रुजला. मात्र त्यासोबत अशा काही समजुतीही रुजल्या, ज्या कायदा, सुरक्षितता आणि इतिहास या तिन्ही दृष्टींनी तपासून पाहणे आवश्यक आहे.

गैरसमज: जमीन खासगी असली की कायद्याचा प्रश्न उरत नाही.

वस्तुस्थिती: पुरातत्त्वीय संपत्तीच्या रक्षणासाठी 1979 मध्ये केलेला संघराज्याचा कायदा मुख्यतः सरकारी आणि मूलनिवासी जमातींच्या जमिनींना लागू होतो, तर गेटिसबर्ग व पीटर्सबर्ग यांसारख्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यातील रणक्षेत्रांवर मेटल डिटेक्टर वापरणेच नव्हे, तर तो वापरण्याजोग्या स्थितीत जवळ बाळगणेही निषिद्ध आहे. खासगी जमिनीवर हे निर्बंध थेट येत नाहीत हे खरे असले, तरी जमिनीत रुतलेली वस्तू सर्वसाधारणपणे जमीनमालकाची मानली जात असल्याने, त्याच्या संमतीवाचून केलेले खोदकाम हे अतिक्रमण ठरते आणि वस्तू नेणे ही चोरी ठरते. शिवाय अशा रीतीने मिळवलेली वस्तू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन विकल्यास 1979 चा तोच कायदा लागू होतो. इंडियाना राज्यात एका कंपनीच्या मालकीच्या जमिनीवरील प्राचीन टेकाडातून संमतीवाचून काढलेल्या वस्तूंच्या खटल्यात संघराज्याच्या अपील न्यायालयाने 1993 मध्ये हे स्पष्ट केले आहे.

मालकाची संमती असली तरी दोन मर्यादा उरतात. पहिली मर्यादा मानवी अवशेषांची असून, सैनिकांना अनेकदा ते पडले तेथेच घाईने पुरले गेल्यामुळे ती या विषयात विशेष महत्त्वाची ठरते: दफनस्थळांना खासगी जमिनीवरही राज्यांच्या कायद्यांचे संरक्षण असते आणि हाडे दिसताच काम थांबवून अधिकाऱ्यांना कळवावे लागते. दुसरी मर्यादा संवर्धन करारांची आहे. मालकी स्वतःकडे ठेवून जमिनीच्या वापरावर कायमचे निर्बंध स्वीकारणाऱ्या अशा करारांत अवशेष उकरण्यास मनाई असू शकते आणि ती मनाई पुढील मालकांनाही बांधून ठेवते. म्हणून तोंडी होकारावर विसंबून न राहता, शोधाचे क्षेत्र, मुदत आणि सापडलेल्या वस्तूंची वाटणी नमूद करणारी लेखी संमती घेणे हाच योग्य मार्ग होय.

गैरसमज: यंत्र खोलवरची वस्तू शोधते आणि ती कोणत्या धातूची आहे हे नेमके सांगते.

वस्तुस्थिती: यंत्राच्या तळाशी असलेल्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह वाहतो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतील धातूत भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह निर्माण होतात आणि त्या प्रवाहांचे उलट येणारे क्षीण क्षेत्र यंत्र टिपते. अंतर वाढत जाते तसा हा प्रतिसाद फार झपाट्याने मंदावतो, त्यामुळे नाण्याएवढी किंवा गोळीएवढी वस्तू सामान्य यंत्राला साधारणतः 20 ते 30 सेंटिमीटरच्या पलीकडे क्वचितच सापडते. पडद्यावर उमटणारा आकडा धातूचे नाव सांगत नाही. वस्तूची विद्युतवाहकता, आकार आणि स्थिती यांचा तो एकत्रित अंदाज असतो, म्हणूनच शिशाची गोळी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचे संकेत एकमेकांशी मिळतेजुळते येऊ शकतात. व्हर्जिनियातील कल्पेपर परिसराप्रमाणे जेथे मातीतच लोहखनिज अधिक असते, तेथे चांगली यंत्रेही अडखळतात.

गैरसमज: शेत वर्षानुवर्षे नांगरले गेले असल्यामुळे वस्तू कोठे सापडली याला अर्थ उरत नाही.

वस्तुस्थिती: एके काळी अनेक अभ्यासकांचाही असाच ग्रह होता, परंतु नांगरामुळे वस्तू वरखाली होते आणि थोडी बाजूलाही सरकते, तरी शेकडो वस्तूंच्या विखुरण्याचा एकूण आराखडा बहुधा टिकून राहतो, हे रणक्षेत्र पुरातत्त्वाने, म्हणजे लढायांच्या भौतिक पुराव्यांच्या अभ्यासाने, दाखवून दिले आहे. मोंटाना राज्यातील लिटल बिगहॉर्न या 1876 च्या रणभूमीवर 1983 मध्ये गवताला वणवा लागून जमीन उघडी पडली, तेव्हा पुढील दोन वर्षांत डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी मेटल डिटेक्टर चालवणाऱ्या स्वयंसेवकांच्या साहाय्याने तिची पद्धतशीर पाहणी केली. वस्तू न उचलता तेथे झेंडी रोवणे, प्रत्येकीचे स्थान मोजून नोंदवणे आणि त्यानंतरच ती काढणे हा क्रम त्यांनी पाळला. काडतुसांच्या पुंगळ्यांवर उमटलेल्या खुणांवरून एकच बंदूक मैदानात कोठून कोठे गेली हे त्यांना ठरवता आले, आणि अमेरिकी लष्करी अधिकारी कस्टर याच्या तुकडीविरुद्ध लढणाऱ्या मूलनिवासी योद्ध्यांकडे वारंवार बार काढता येणाऱ्या हेन्री व विंचेस्टर बंदुका मोठ्या संख्येने होत्या, हेही त्यातून सिद्ध झाले.

न्यू जर्सीतील मॉनमथ या 1778 च्या रणभूमीवर डॅनिएल सिविलिच यांनी चेपलेल्या गोळीच्या वजनावरून तिचा मूळ व्यास काढण्याचे सूत्र बसवले, आणि ब्रिटिश व फ्रेंच बनावटीच्या बंदुकांच्या नळ्यांचे व्यास वेगवेगळे असल्यामुळे अशा गोळ्यांवरून सैन्यांच्या फळ्यांचा माग काढणे शक्य झाले. यादवी युद्धातील साधी शंक्वाकार मिनिए गोळी बाजारात थोड्याच डॉलरांना मिळते, पण तिचे स्थान नोंदलेले असेल तर तीच गोळी एखाद्या पलटणीची जागा सांगू शकते. नोंदीवाचून उचललेल्या गोळीजवळ ही माहिती राहत नाही आणि नंतर कोणत्याही उपायाने ती परत मिळवता येत नाही.

गैरसमज: दीडशे वर्षे जमिनीत पडलेला तोफगोळा निकामी झालेला असतो.

वस्तुस्थिती: सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू कोरडी राहिली तर दीर्घकाळ ज्वलनक्षम राहते, आणि आरमारी गोळे तर पाणी आत शिरू नये अशाच बेताने बंद केलेले असत. व्हर्जिनियातील चेस्टरफील्ड काउंटीत 2008 मध्ये असा गोळा साफ करताना स्फोट होऊन एका अनुभवी संग्राहकाचा मृत्यू झाला. गोळा भरीव आहे की दारूने भरलेला, हे गंजलेल्या पृष्ठभागावरून निश्चित सांगता येत नाही. म्हणून तो न हलवता, त्याला छिद्र न पाडता, दूर जाऊन पोलिसांना कळवणे एवढेच सामान्य माणसाने करावे.

गैरसमज: वस्तू बाहेर काढून घासून चकाकवली की ती सुरक्षित होते.

वस्तुस्थिती: लोखंडात मुरलेले क्षार हवेतील प्राणवायू व दमटपणा यांच्या संपर्कात येताच गंजण्याचा वेग वाढतो आणि योग्य प्रक्रिया न केलेली वस्तू काही काळाने पापुद्रे सुटून तुटते. शिशाच्या गोळीवरचा पांढरट थर आतल्या धातूचे रक्षण करतो, तर तो खरवडताना उडणारी धूळ विषारी असते.

गैरसमज: अमेरिकेत जे चालते ते भारतातही चालते.

वस्तुस्थिती: मार्च 2025 मध्ये 'छावा' या चित्रपटानंतर उठलेल्या अफवेमुळे बऱ्हाणपूरजवळील असीरगडच्या परिसरातील शेतांत लोक मेटल डिटेक्टर घेऊन सोन्याच्या मोहरांसाठी खोदू लागले होते. भारतात 1878 चा निखात निधी कायदा लागू आहे हे अशा वेळी विसरले जाते. त्यानुसार जमिनीत दडलेली, 10 रुपयांहून अधिक मूल्याची कोणतीही वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि ती लपवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. याशिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत आणि त्यांच्या व्यापारासाठी परवाना लागतो. स्वतःच्या नावावर सातबारा असला, तरी या कायद्यांतून सूट मिळत नाही.

जमिनीची मालकी शोध घेण्याचा प्रश्न काही अंशी सोडवते, परंतु इतिहासाविषयीची जबाबदारी ती संपवत नाही. अमेरिकेत असो वा महाराष्ट्रात, नांगरताना किंवा पाया खणताना जुनी गोळी, नाणे वा शस्त्राचा तुकडा हाती आल्यास वाचकाने तो साफ न करता जागेचे छायाचित्र घ्यावे, स्थान व खोली लिहून ठेवावी आणि कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना व पुरातत्त्व विभागाला कळवावे.