आकाशपाळणा, धावती गाडी आणि लहान मूल

भय आणि आनंद ही एकमेकांची वैरी आहेत, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु चार-पाच वर्षांच्या मुलाकडे क्षणभर पाहिले म्हणजे हा समज टिकत नाही. मामाने हवेत उडवून झेलले की ते किंचाळते, आणि पाय जमिनीस लागताच 'पुन्हा!' म्हणून हात वर करते. होळीच्या सुमारास सैलानीस आणि आश्विनात देऊळगाव राजास बालाजीच्या यात्रेस जो कोणी मुलांस घेऊन गेला असेल, त्याला हे नव्याने सांगावयास नको. खेळण्यांच्या दुकानापाशी जे मूल रेंगाळते, तेच आकाशपाळणा दिसताच वडिलांचे बोट धरून त्यांना ओढू लागते. अलीकडे आपल्या जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे मलकापूर, नांदुरा किंवा शेगाव येथे आगगाडीत बसून कल्याणास उतरतात आणि कर्जतवरून खोपोलीकडे, इमॅजिका नावाच्या मोठ्या क्रीडोद्यानास जातात. हे उद्यान २०१३ साली सुरू झाले. तेथील यंत्रे यात्रेतील पाळण्याहून पुष्कळ मोठी आहेत, मात्र 'पुन्हा!' म्हणणारे मूल तेच आहे. ही हौस कशातून उत्पन्न होते, ही यंत्रे कशी चालतात, आणि मुलाबरोबर जाणाऱ्या वडील माणसांचे कर्तव्य कोणते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव भरलेला असतो. मस्तक वळले की द्रव किंचित मागे राहतो आणि त्यावरून मेंदूस गतीचे ज्ञान होते. गरगर फिरून एकदम थांबल्यावर भोवताली भिंती फिरू लागतात, त्याचे कारणही हेच. देह थांबला तरी द्रव थांबलेला नसतो. लहान मूल झोके घेते, गिरक्या घेते, उतारावरून लोळते, तेव्हा ते आपला तोल ओळखावयास शिकत असते. म्हणून या हौसेस खोडी समजून दडपणे योग्य नव्हे. ती वाढीचाच एक भाग आहे.

माणसाने या हौसेसाठी यंत्रे केली, ती कालपरवाची नव्हेत. रशियात लाकडी उतारांवर बर्फ गोठवून त्यावरून घसरण्याचा खेळ सतराव्या-अठराव्या शतकांत होता. पॅरिस शहरी १८१७ साली चाकांच्या गाड्या अशा उतारावरून सोडण्यात आल्या. अमेरिकेत कोनी आयलंड येथे १८८४ साली थॉम्प्सन या गृहस्थाने जी गाडी सुरू केली, तिचा वेग ताशी सुमारे ६ मैल, म्हणजे आपल्या सायकलीहूनही कमी होता. तरीही तिच्यावर लोकांच्या उड्या पडत. १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नामक अभियंत्याने २६४ फूट उंचीचे चक्र उभारले. त्यास ३६ डबे असून प्रत्येकात ६० माणसे मावत. आज यात्रेत जो आकाशपाळणा फिरतो, तो या चक्राच्याच कुळातील होय.

रोलर कोस्टर नावाच्या गाडीचे मर्म विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. तिच्या जुन्या आणि सर्वत्र रूढ असलेल्या प्रकारात गाडीस स्वतःचे इंजिन नसते. साखळी तिला ओढून प्रथम उंच शिखरावर नेते आणि सोडून देते. पुढील सर्व धाव त्या उंचीच्या बळावर होते. लोणारच्या विवराच्या काठावर ठेवलेला धोंडा स्वस्थ दिसतो, पण सुमारे दीडशे मीटर खोलीचे सामर्थ्य त्यात साठलेले असते. धक्का देताच ते प्रकट होते. यासच आपण वर्गात स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर असे म्हणतो. इमॅजिकातील नायट्रो ही गाडी सुमारे ४० मीटर उंचीवरून खाली येते. घर्षण जमेस न धरता गणित केल्यास, इतक्या उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग तळाशी सेकंदास २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर भरतो. विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत अवश्य करून पाहावे.

याच प्रवासात देहाचे वजन बदलल्यासारखे वाटते. शिखर ओलांडताना पोटात खड्डा पडतो, कारण बैठकीचा आधार क्षणभर सुटतो. तळाशी वळताना कोणी खांद्यावर पोते ठेवल्यासारखे होते. रूळ पूर्ण वर्तुळाकार केल्यास हा भार फार वाढतो. वर्तुळाच्या माथ्यावरून जेमतेम सुटेल इतकाच वेग गाडीस दिला, तरी तळाशी बसणाऱ्यास आपल्या वजनाच्या सहापट भार सोसावा लागतो. कोनी आयलंड येथे १८९५ साली अशी वर्तुळाकार गाडी झाली, आणि ती लोकांच्या माना दुखविणारी म्हणून प्रसिद्धी पावली. पुढे १९७६ साली श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने कॅलिफोर्नियातील गाडीसाठी खाली रुंद व वर निमुळते, पाण्याच्या थेंबासारखे वळण आखले, तेव्हा हा दोष पुष्कळ दूर झाला. जेथे मुलास केवळ मौज दिसते, तेथे मागे कोणीतरी बसून मानेच्या हाडांचा हिशेब केलेला असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. अशा प्रत्येक यंत्राच्या दाराशी उंची मोजण्याची खूण असते. पाच वर्षांचे मूल साधारणपणे ११० सेंटिमीटर उंच असते. मोठ्या गाड्यांची मर्यादा पुष्कळदा १२० अथवा १४० सेंटिमीटर असते. धीट मुलास हा मोठा अन्याय वाटतो. 'मी भीत नाही, मग मला का नाही?' असा त्याचा रास्त प्रश्न असतो. त्याचे उत्तर त्यास नीट दिले पाहिजे. ती खूण धैर्य मोजीत नाही. मांडीवर येणारा आडदांडा आणि खांद्यावरून येणारी पकड ही एका ठरावीक आकाराच्या देहासाठी घडविलेली असतात. देह लहान असला तर दांडा आणि मांडी यांच्यामध्ये फट राहते, आणि गाडी उसळताच मूल त्या फटीतून निसटू शकते. शिवाय लहान मुलाचे मस्तक देहाच्या मानाने जड व मान कोवळी असते. मूल कितीही शूर असले तरी त्याने ती फट भरून निघत नाही.

असे असूनही मुलाच्या बुटांत रुमालाच्या घड्या घालणारे, रांगेत त्यास चवड्यांवर उभे राहा म्हणून खुणावणारे, किंवा अर्ध्या तिकिटासाठी वय घटवून पुढच्याच दारी ते वाढवून सांगणारे पालक आढळतात. हेतू प्रेमाचाच असतो. लांबून आलो, पैसे खर्चिले, मूल रडते आहे, असे त्यांस वाटते. परंतु या कृतीने दोन हानी होतात. मुलाचा जीव धोक्यात येतो ही पहिली. दुसरी अशी की, खोटे कसे बोलावे आणि नियमास कसे चुकवावे याचा धडा ते मूल आपल्या आईबापांकडून शिकते. शाळेत आम्ही वर्षभर जे शिकवितो, ते तेथे एका क्षणात पुसले जाते. यावर सोपा उपाय आहे. निघण्यापूर्वी घरीच दाराच्या चौकटीवर मुलाची उंची मांडावी, कोणत्या गाडीत बसता येईल व कोणत्या गाडीत नाही हे आधीच सांगावे, आणि पुढील वर्षी ही रेघ कोठे जाते ते पाहू, असे म्हणावे. निराशा घरी झाली तर ती लहान असते. दाराशी झाली तर मोठी.

आपल्या यात्रांमधून मात्र अशी खूण बहुधा नसते, म्हणून तेथे ते काम पालकांनीच केले पाहिजे. पाळण्यात बसण्यापूर्वी एक पूर्ण फेरी उभे राहून पाहावी. पाळण्याच्या दारास कडी व कडीस खिटी आहे काय? चक्र सपाट, पक्क्या जागी उभे आहे काय? पाळणेवाला यंत्रापाशीच आहे काय? वारा सुटला असता किंवा पाऊस लागला असता बसू नये. मुलींचे मोकळे केस व ओढणी घट्ट बांधावी, कारण फिरत्या चक्रात ती गुंतून भयंकर अपघात होतात. लहान मुलास एकटे बसवू नये. त्यास आतील बाजूस घ्यावे. शंका आली तर परत फिरावे; त्यात लाज नाही.

क्रम पायरीपायरीने चढवावा. शेगावच्या आनंदसागर उद्यानातील मुलांची छोटी आगगाडी पुष्कळ पालकांच्या स्मरणात असेल. तशा गाडीपासून आरंभ करून फिरत्या घोड्यांकडे आणि मग लहान उतारांकडे जावे. भरल्या पोटी चक्रात बसवू नये, उन्हात वारंवार पाणी पाजावे, आणि मुलाच्या खिशात पालकांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जे मूल 'नको' म्हणते त्यास भित्रे म्हणून हिणवू नये, आणि जे 'पुन्हा' म्हणते त्याच्या धिटाईची चारचौघांत बढाई मारू नये. पहिल्याचा धीर खचतो. दुसरे मूल ती बढाई राखण्यासाठी नको ते साहस करते.

काही सज्जन म्हणतील, देव तारील त्यास कोण मारील? शुभवर्तमानात याचे उत्तर आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने प्रभू येशूस सुचविले, तेव्हा त्याने ते नाकारले. देवावर भरवसा ठेवणे निराळे आणि त्याची परीक्षा पाहणे निराळे. पट्टा बांधून, दांडा लावून, योग्य गाडीत बसलेले मूल मनसोक्त किंचाळो. ते भय निर्मळ आहे आणि ते संपताच हसू येते. असे निर्भय भय मुलास मिळवून देणे हे पालकांचे काम होय, आणि कधी कधी ते 'यंदा नाही' या दोन शब्दांनीच करावे लागते.