घरचा बन दुसऱ्या दिवशीही मऊ कसा राहतो?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. विषय आहे बन. इराणी हॉटेलात मस्का लावून चहाबरोबर येतो ना, तोच. गोडसर, आणि बोटाने दाबला की परत वर येणारा.

घरी केलेला बन ओव्हनमधून काढल्या काढल्या झकास लागतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा दगड होतो. मग लोक म्हणतात, बेकरीवाले काहीतरी टाकत असणार. काही बेकऱ्या टाकतातही, पण त्याशिवायही बन मऊ ठेवता येतो. सगळा खेळ पाण्याचा आहे.

मैद्यात दोन मुख्य गोष्टी असतात, प्रोटीन आणि स्टार्च. पाणी घालून मळलं की प्रोटीनचं ग्लुटेन होतं. ते फुग्यासारखं ताणतं आणि यीस्टने सोडलेला गॅस धरून ठेवतं. स्टार्च मात्र थंड असताना फारसं पाणी शोषत नाही. तो साधारण ६५ अंश सेल्सिअसला गरम झाला की फुगतो आणि कितीतरी जास्त पाणी धरतो.

हे आपल्याला नवीन नाही. आकाशकंदील चिकटवायला आपण मैद्याची खळ शिजवतो, तेव्हा हेच होतं. चिनी भाषेत अशा खळीला तांगजोंग म्हणतात. तायवानच्या इव्हॉन चेन यांच्या २००७ च्या पुस्तकानंतर ही पद्धत जगभर पोचली. थोडा मैदा आधी शिजवायचा, म्हणजे पिठात जास्त दूध मावतं आणि भाजल्यावरही ओलावा टिकतो.

आता कृती. बन होतील ८. वजनकाटा वापरा, कारण वाटीत मैदा दाबून भरला की प्रमाण बदलतं.

खळ: २० ग्रॅम मैदा, १०० मिली दूध. मंद आचेवर ढवळत राहा. चमचा फिरवल्यावर मागे रेघ राहिली की गॅस बंद. पूर्ण गार होऊ द्या, कारण गरम खळीत यीस्ट मरतं.

पीठ: २८० ग्रॅम मैदा, ४५ ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १०० मिली कोमट दूध आणि गार झालेली खळ. ४० ग्रॅम मऊ बटर बाजूला ठेवा. बटर खारं असेल तर मीठ थोडं कमी करा.

बटर सोडून सगळं एकत्र करून ५ मिनिटं मळा, मग बटर घाला. बटर सुरुवातीलाच घातलं तर ते मैद्याला चिकटून बसतं आणि ग्लुटेन नीट तयार होत नाही. बटर गेल्यावर पीठ भयंकर चिकट होईल. इथेच बहुतेकांचा हात मैद्याच्या डब्याकडे जातो. जाऊ देऊ नका! वरून घातलेला प्रत्येक चमचा मैदा उद्याचा बन कडक करतो. आणखी १० मिनिटं मळत राहा, पीठ आपोआप गुळगुळीत होतं. छोटा गोळा ताणून उजेडात धरा. पडदा न फाटता पातळ झाला, तर झालं.

आता झाकून ठेवा. किती वेळ? पीठ घड्याळ बघत नाही. मे महिन्यात मुंबईत पाऊण तासात दुप्पट होईल, डिसेंबरात पुण्यात दीड तासही लागेल. दुप्पट झालं की ८ गोळे करा. ८ इंची गोल डब्याला बटर लावून ७ कडेने आणि १ मधे ठेवा. लादी पावासारखे एकमेकांना चिकटून फुगले की बाजू मऊ राहतात. पुन्हा फुगू द्या. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा हळूहळू भरून आला, की ओव्हनमध्ये जायची वेळ.

वरून दूध लावा. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर १८ ते २० मिनिटं भाजा. बाहेर काढल्यावर बटर फिरवा आणि सुती कापड झाका. आतली वाफ वरचा पापुद्रा मऊ करते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उरलेले बन फ्रिजमध्ये ठेवू नका. ब्रेड फक्त सुकून शिळा होत नाही. शिजलेला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा घट्ट होत जातो, आणि फ्रिजच्या तापमानाला हे सर्वात वेगाने होतं. दोन दिवसांत संपणार असतील तर गार झाल्यावर घट्ट डब्यात बाहेरच ठेवा. जास्त दिवस ठेवायचे असतील तर थेट फ्रीझरमध्ये. खाताना गरम केले की स्टार्च पुन्हा सैल होतो आणि बन मऊ पडतो.

पहिल्या वेळी मनासारखं झालं नाही, तर पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला. दूध, वेळ, तापमान सगळं एकदम बदललं तर नेमकं काय चुकलं ते कधीच कळणार नाही. कोडमधला बग शोधतानाही हेच करतो की आपण!

या रविवारी करून बघा, आणि चव सोमवारी सकाळच्या चहाबरोबर घ्या. खरी परीक्षा तेव्हाच. भेटू पुढच्या भागात!