उन्हाळ्यात संगणक मध्येच का बंद पडतो?

सोलापूरचा उन्हाळा कसा असतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. एप्रिल लागला की पारा चाळिशी ओलांडतो, मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. बाराच्या आत शेतातून परतायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. पण गटाच्या खोलीतला संगणक बिचारा दुपारी दोन वाजताही कामाला जुंपलेला असतो. आज त्याच्याबद्दल बोलू.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या गटाची खोली पत्र्याची. तिथंच तीन शिलाई मशीन आणि कोपऱ्यात संगणक. गावातल्या एका मुलीचा कॉलेज प्रवेशाचा अर्ज भरत होतो. निम्मा अर्ज झाला आणि पडदा काळा. अर्ध्या तासानं सुरू केला, पुन्हा दहा मिनिटांत बंद. मुदतीचा शेवटचा दिवस, पोरीचे डोळे भरून आलेले. शेवटी रात्री आठला, खोली निवल्यावर, तो अर्ज गेला.

दुसऱ्या दिवशी पेटी शहरात एका दुकानात नेली. उघडूनही न बघता त्यानं सांगितलं, "प्रोसेसर जळाला, नवीनच घ्या." बैठकीत बचतीतून पैसे काढायचं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "पिठाची गिरणी बिघडली तर आधी पट्टा बघतो ना? मग ही पेटी उघडून तरी बघा." काकूंचा भाचा आयटीआय झालेला. त्यानं पेटी उघडली, तर पंख्याखाली सूत, चिंध्यांचा भुगा आणि धूळ यांचा नमदाच बसलेला. प्रोसेसर जळाला नव्हता, स्वतःचा जीव वाचवत होता.

ते कसं, ते त्यानं समजावून सांगितलं. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, बिस्किटाएवढी चौकोनी चकती. काम करताना ती तापते. तिच्यावर ॲल्युमिनियमचा पात्या-पात्यांचा ठोकळा बसवलेला असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. चकतीची उष्णता ठोकळ्यात चढते आणि वरचा पंखा ती हवेत उडवून देतो. फार तापलं तर प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो, म्हणून दुपारी संगणक रेंगाळतो. शंभर अंशांच्या आसपास गेला की बहुतेक प्रोसेसर सरळ बंदच होतात.

पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे चकती खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. समजा सकाळी खोली २८ अंशांवर आहे आणि चकती ६०वर. दुपारी खोली ४३वर गेली, तर तेच काम करताना चकती ७५च्या आसपास जाणार. एवढं तिला सोसतं. पण पात्यांत धूळ भरली की उष्णता बाहेर पडत नाही, मग ७५चे ९५ व्हायला वेळ लागत नाही. म्हणजे ऊन एकटं दोषी नव्हतं. धूळ वर्षभर साठत होती, मे महिन्यानं फक्त ती उघडी पाडली.

चकती आणि ठोकळा यांच्यामध्ये एक मलम असतं, थर्मल पेस्ट. ते कशाला, हे आम्हाला भाकरीवरून कळलं. भाकरी जिथं तव्याला टेकत नाही तिथं ती कच्ची राहते, कारण मधे हवा असते. तसंच इथं. दोन्ही पृष्ठभाग दिसायला गुळगुळीत, पण मधे बारीक फटी असतात. मलम त्या भरून काढतं. काही वर्षांत ते वाळून खडूसारखं होतं. आमचं तसंच झालं होतं. जुनं पुसून वाटाण्याएवढं नवीन लावलं. जास्त लावून फायदा नाही. हे काम मात्र जाणकाराकडूनच करून घ्या.

धूळ आपण काढू शकतो. आधी पिन भिंतीतून काढायची. पेटी अंगणात न्यायची, मऊ कोरडा ब्रश घ्यायचा. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, फुंकरीनं गरगर फिरू द्यायचं नाही. ओलं फडकं नको. वीज येते तो पत्र्याचा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, कधीच उघडायचा नाही. तो बंद असतानाही धक्का देऊ शकतो.

कूलरचं काय, असं बऱ्याच जणी विचारतात. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून इथं कूलर चांगला चालतो. पण खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमटपणा साठतो. त्याचा झोत थेट पेटीवर नको. थेंब उडतात, आणि बोअरच्या पाण्यातला क्षार आत जाऊन बसतो. आम्ही पत्र्यावर बाहेरून पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले आणि पेटी भिंतीपासून वीतभर पुढे घेतली. जुनी माळवदाची घरं गार का असायची, ते पत्र्याखाली बसल्यावर जास्त कळतं. ज्यांच्याकडे अजून माळवद आहे, त्यांनी संगणक तिथंच ठेवावा.

आणि हा त्रास आपल्यालाच आहे असं समजू नका. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९मध्ये परम ब्रह्म हा महासंगणक बसवला. त्याच्या चकत्यांची उष्णता नुसत्या पंख्यांनी आवरत नाही, तिथं द्रव फिरवून ती काढून नेतात.

लॅपटॉप वापरणाऱ्यांनी तो गोधडीवर ठेवू नये, खालच्या जाळ्या बंद होतात. पाट किंवा फळी घ्या. मोबाईल उन्हात चार्जिंगला लावू नका. मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंनी विचारलं होतं, तापलेला मोबाईल फ्रीजमध्ये ठेवला तर? नको ताई. गार झालेला मोबाईल बाहेर काढला की तांब्यावर दव धरतं तसं त्याच्या आतही पाणी धरतं. कव्हर काढा, बंद करा आणि सावलीत फरशीवर ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत तो निवतो.