मक्याच्या वासामागे

सकाळी ६. सिल्लोडजवळच्या मक्यावर अजून दव आहे. अळ्या गोळा करायच्या त्या याच वेळी. ऊन चढलं की पोंग्यात खोल दडतात. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. भारतात २०१८ मध्ये पहिल्यांदा कर्नाटकात सापडलेली हीच ती अमेरिकन लष्करी अळी.

"मॅडम, अळीला नाक असतं का?" बांधावरून नाना विचारतात. नाक नसतं नाना, पण आखूड मिशांवर आणि तोंडापाशी वास ओळखणारे सूक्ष्म केस असतात. पतंगाच्या मानाने फार थोडे, पण तिला पुरतात.

९ वाजता प्रयोगशाळा. एकेका डबीत एकेकच अळी, कारण एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. आता काही तास उपास. तोवर काचेच्या नळ्या धुवायच्या, भट्टीत तापवायच्या. साबणाचा वास राहिला तरी दिवसाचं काम फुकट.

दुपारी १२. एक रोप धड, दुसरं रात्रभर अळीने कुरतडलेलं. नुसतं कात्रीने कापून तसा वास सुटत नाही, अळीच्या तोंडातला स्राव लागतो. जवळच्या जातीच्या अळीच्या स्रावातून व्होलिसिटिन हे द्रव्य १९९७ मध्ये वेगळं केलं गेलं. रोपाला वास सोडायला लावणारं ते हेच.

३ वाजता वाय आकाराची नळी. कोळशातून गाळलेली हवा दोन्ही रोपांवरून येते. अळी फाट्यापाशी थांबते, डोकं डावी-उजवीकडे हलवते. मी श्वास रोखून बघते. वळते ती बहुधा कुरतडलेल्या रोपाकडे! फ्लोरिडातल्या संशोधकांनी २००६ मध्ये मोठ्या अळ्यांचं हेच वागणं नोंदवलं; लिनालूल या सुगंधी द्रव्याकडेही त्या ओढल्या गेल्या. याच वासावर अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्याही येतात. रोपाची हाक एकच, ऐकणारे मित्रही आणि वैरीही. म्हणून वास वाढवला की कीड घटली, असं सोपं गणित मला मान्य नाही. कोणता वास, किती, कुणासाठी, हे प्रत्येक पिकात तपासावंच लागतं.

सायंकाळी ६. नोंदवही. वासाची हाक मुळंही मारतात. मक्याच्या मुळांना खाणाऱ्या किडीची अळी आली, की काही वाणांची मुळं कॅरिओफायलिन हे वासाचं द्रव्य सोडतात आणि तिला मारणारे सूत्रकृमी धावून येतात. उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच वाणांनी ही ताकद गमावली आहे. पैदासकारांना माझी कळकळीची विनंती: नवं वाण निवडताना उत्पादनाच्या शेजारी वासाचाही रकाना ठेवा.