वेल्डिंगचा इंजिन-सेट: जपायचा तो अर्धा भाग कोणता?

आपल्या मंडळात जुन्या यंत्रांचा विषय निघाला की गाडी इंजिनावर येऊन थांबते. ते साहजिकही आहे. इंजिन चालू झालं की आवाज येतो, धूर निघतो, चार माणसं गोळा होतात. पण करजगी आणि आसपासच्या गावांत एक यंत्र असं होतं, की त्यात इंजिन हा निम्माच भाग. उरलेला निम्मा म्हणजे मागचा डायनामो, आणि तोच आधी नाहीसा होतो. हा लेख त्या डायनामोसाठी आहे. इंजिनाचंही थोडं सांगतो.

आधी गावाचा खुलासा, कारण कागद शोधताना घोटाळा होतो. आपली करजगी ही कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफझलपूर तालुक्यातली. अक्कलकोट तालुक्यातही एक करजगी आहे, आणि हावेरीकडे रेल्वे स्टेशन असलेलीही. जुन्या पावतीवर नुसतं 'करजगी' असेल तर तालुका बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात आला. संस्थानची स्वतःची करोडगिरी म्हणजे जकात होती, रुपयाही 'हाली' वेगळा. त्यामुळे यंत्रासोबत जुनं बिल मिळालं, तर ते कोणत्या भाषेत आहे आणि रुपये कोणते हे टिपून ठेवा. सोलापूर बाजूने माल आला की हैदराबादकडून, हे त्यावरून कळू शकतं.

हा सेट लागायचा कशाला?

वेल्डिंगचा साधा ट्रान्सफॉर्मर सुरू झाला की लाइनवर मोठा भार पडतो. गावच्या लाइनला दाब कमी असला की चाप धरत नाही, रॉड चिकटतो. आणि काम बहुतेक वेळा लाइनपासून लांबच असतं. भीमेच्या काठावर पाइप जोडायचा, शेतात मोडलेला नांगर सांधायचा, उसाच्या ट्रॉलीचा तुटलेला ॲक्सल रस्त्यातच उभा. तिथे इंजिनावर चालणारा सेट हाच उपाय. चाकांवर ठेवलेला, ट्रॅक्टर किंवा जीपमागे ओढून नेता येणारा. शिवाय तो डीसी करंट देतो. डीसीचा चाप शांत जळतो, पातळ पत्र्यालाही बरा, आणि काही रॉड त्यावरच नीट चालतात.

हे तंत्र फार जुनं नाही. कार्बनच्या कांडीने धातू जोडायची बेनार्दोसची पद्धत १८८० च्या दशकातली, आणि लेप दिलेला रॉड स्वीडनच्या शेलबर्गने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आणला. भारतात मुंबईची अडवाणी-ओर्लिकॉन कंपनी १९५१ ची. बेंगळुरूची किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स दोन्ही १९४६ च्या. म्हणजे आपल्याकडच्या सेटवर देशी कंपनीची पाटी असेल, तर तो बहुधा स्वातंत्र्याच्या आसपासचा किंवा नंतरचा.

पाटी वाचा, आणि गणित करा

डायनामोच्या पाटीवर व्होल्ट, अँपिअर आणि फेरे लिहिलेले असतात. इंजिनाच्या पाटीवर हॉर्सपॉवर आणि फेरे. ही दोन्ही एकमेकांशी जुळतात का, हे बघणं म्हणजे निम्मा इतिहास. उदाहरण घेऊ. २०० अँपिअरला चापावर साधारण २८ व्होल्ट पडतात. म्हणजे ५६०० वॅट. डायनामोची कार्यक्षमता साठ टक्के धरली, तर इंजिनाने सव्वानऊ किलोवॅट, म्हणजे साडेबारा हॉर्सपॉवर द्यायला हवेत. आता तुमच्या सेटला समोर ५ हॉर्सपॉवरचं एक सिलिंडरचं लिस्टर जातीचं इंजिन असेल (मूळ लिस्टरचं हे मंद इंजिन इंग्लंडमध्ये १९३० च्या सुमारास आलं, मिनिटाला ६०० ते ६५० फेरे, आणि राजकोटकडे त्याच्या नकला आजही बनतात), तर ते सत्तर-नव्वद अँपिअरच्या पुढे ओढणार नाही. म्हणजे इंजिन नंतर बदललेलं. विहिरीवरचं कुणाचं तरी उचलून जोडलेलं असेल. त्यात वाईट काही नाही. तोही त्या यंत्राचा इतिहासच आहे, पण 'मूळ' म्हणून फलक लावू नका. पट्ट्याने जोडलं असेल तर दोन्ही पुलींचा व्यास मोजा: ६५० फेऱ्यांचं इंजिन १५०० चा डायनामो फिरवायचं असेल तर इंजिनाकडची पुली सव्वादोन पट मोठी लागते.

डायनामोच का वाचवायचा

इंजिनाचे सुटे भाग मिळतात. पिस्टन, रिंगा, नोझल, वॉशर, सगळं. शिवाय इंजिन पंपाला किंवा चक्कीला जोडता येतं, त्यामुळे ते बंद पडलं तरी कुणी लगेच फेकत नाही. डायनामोत मात्र तांबं असतं आणि भंगारवाला वजनावर पैसे देतो. एकदा आर्मेचर फोडून तांबं गेलं, की हातात उरतं ते आणखी एक पाण्याचं इंजिन.

आणि तांबं म्हणजे नुसती तार नव्हे. वेल्डिंगच्या डायनामोची खुबी त्याच्या फील्डच्या दोन गुंडाळ्यांत असते. एक गुंडाळी चुंबकत्व निर्माण करते, दुसरीतून वेल्डिंगचाच करंट जातो आणि ती पहिलीच्या उलट ओढते. रॉड लावायच्या आधी टोकांवर साठ-ऐंशी व्होल्ट असतात, म्हणजे चाप सहज पेटतो. चाप पेटून करंट वाढला की दुसरी गुंडाळी चुंबकत्व खाते आणि व्होल्ट आपोआप पंचवीस-तीसवर येतात. रॉड चिकटून शॉर्ट झाला तरी करंट बेफाम वाढत नाही. साध्या डायनामोवर असं वेल्डिंग जमत नाही. त्या गुंडाळ्यांचे वेढे आणि तारेची जाडी कंपनी ठरवते, आणि कागद हरवले की ते फक्त त्या तांब्यात नोंदलेले असतात.

काम कसं करावं

झाकण उघडायच्या आधी फोटो काढा, प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधा. वायरमन म्हणेल 'माझ्या लक्षात राहतंय की', ऐकू नका.

डायनामोत हवा मारून धूळ काढा. पाणी नाही, रॉकेल नाही. मग ५०० व्होल्टचा मेगर लावा. एक मेगओमच्या खाली आलं तर ओल आहे. आत बल्ब पेटवून ठेवून दोन-चार दिवस वाळवा आणि पुन्हा मोजा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात नुसत्या उन्हानेही बराच फरक पडतो. नंतर कोणी डायोड-बियोड बसवला असेल, तर मेगर लावायच्या आधी तो सोडवा.

कम्युटेटर हा या कामाचा गाभा. तांब्याच्या पट्ट्यांवर चॉकलेटी रंगाचा गुळगुळीत थर दिसला तर त्याला हात लावू नका. तो चांगला असतो, कार्बन त्यावरच नीट बसतो. चकचकीत करायचा मोह बहुतेकांना होतो, मलाही होतो. काळे डाग आणि खाचा असतील तरच बारीक पॉलिश पेपर, तोही काचेच्या दाण्याचा. एमरी पेपर कधीच नको, त्याचे कण वीज नेतात आणि पट्ट्यांच्या फटीत अडकून राहतात. पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या वर आला असेल तर ठिणग्या उडतात. हॅकसॉचं पान घासून बारीक करा आणि अभ्रक साधारण एक मिलिमीटर खोल काढा. कार्बन नवे घातले तर पॉलिश पेपरची पट्टी कम्युटेटरवर गुंडाळून त्यावरच त्यांना गोलाई द्या.

एखादी गुंडाळी जळलेलीच असेल तर रिवायंडिंगला पर्याय नाही. पण दुकानात देताना स्वतः उभे राहून वेढे मोजा, तारेचा गेज लिहा आणि जुन्या गुंडाळीचा एक तुकडा जपून ठेवा.

इंजिनाचं थोडक्यात. आधी हाताने फिरवा, हँडल मारू नका. अडकलं असेल तर सिलिंडरमध्ये डिझेल ओतून काही दिवस मुरू द्या. टाकीतला गाळ काढल्याशिवाय नोझलकडे डिझेल सोडू नका. जुन्या वॉशरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, कोरडं खरवडू नका, ओलं करून काढा. आणि सेट बंद खोलीत चालवू नका, धुराने माणूस जातो.

करंट येत नाही तेव्हा

इंजिन छान चालतं, डायनामो फिरतो, आणि मीटर शून्यावर. इथे बरेच जण हात टेकतात आणि भंगारवाल्याला फोन जातो. खरं तर बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. वर्षानुवर्षं पडून राहिल्याने लोखंडातलं उरलंसुरलं चुंबकत्व गेलेलं असतं, आणि त्याशिवाय डायनामोला सुरुवात मिळत नाही. इंजिन बंद ठेवा, कार्बन उचला, आणि १२ व्होल्टची बॅटरी फील्डला काही सेकंद लावा, प्लसला प्लस. सोडताना ठिणगी उडते, तेव्हा तोंड लांब आणि हातात रबरी मोजे. उलटी लावली तर पोलॅरिटी फिरते आणि मग रॉड विचित्र जळतो. कार्बन खाली सोडा, इंजिन पूर्ण फेऱ्यांवर आणा. मीटरचा काटा साठच्या पुढे गेला तर सेट जिवंत आहे.

पहिला रॉड २.५ मिलिमीटरचा घ्या, साठ-सत्तर अँपिअरवर. काळी काच लावलेली ढाल डोळ्यांपुढे हवीच, नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. जाड पत्र्याच्या तुकड्यावर एक रेघ ओढा आणि तो तुकडा तारीख व अँपिअर खडूने लिहून सेटच्या पेटीत टाकून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा एक रेघ, शेजारीच.